लीद बघून उजाडतं

घोडा सांभाळणारा माणूस पहाटे उठून आधी घोड्याचं तोंड बघत नाही, लीद बघतो. दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या बाजार समितीत घोडेबाजार भरतो. पंजाब-राजस्थानापासून ट्रकनं जनावरं येतात, आणि एवढ्या प्रवासानंतर कुणाचं पोट कसं आहे हे लिदीखेरीज कोण सांगणार? सांगोल्याकडचे एक मामा मारवाडी घोडी घेऊन आले होते, त्यांचा हा दिवस.

पहाटे पाच. गोळे बांधीव, ओलसर, पडताच फुटणारे असले की मामा बिडी पेटवतात. कोरडे, बारीक असले तर पाणी कमी पडलंय. रात्रभरात काहीच नसेल तर बिडी राहते खिशात आणि फोन लागतो डॉक्टरांना. घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट, की आत गेलेलं उलट फिरत नाही. जठरही अंगाच्या मानानं लहान, आठ ते पंधरा लिटरचं. गाईसारखा रवंथ नाही, म्हणून चाऱ्याचा धागा फोडायचं काम मागं मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या भरवशावर चालतं. त्या वळणावळणांत कुठं अडलं की पोटशूळ. घोडं मान वळवून कुशीकडं बघतं, पुढच्या पायानं माती उकरतं, बसतं-उठतं, लोळतं.

सहा. आधी वैरण, मग चंदी. हा क्रम मामा चुकवत नाहीत. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, पोट रिकामं असलं तरी. मोकळ्या रानातलं घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतं, त्याचं कारण हेच. दावणीच्या घोडीला दोन वेळचं भरपूर खाणं देऊन भागत नाही, थोडं थोडं सारखं लागतं. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला साधारण आठ किलो कोरडी वैरण. चंदीत भिजवलेला हरभरा, जव, गव्हाचा भुसा.

वाळलेल्या कडब्याची कुट्टी चालते. हिरवं कडवळ मात्र मामा जवळ फिरकू देत नाहीत, आणि ज्वारीच्या मुलखात ही गोष्ट नव्या शौकिनाला पटवणं अवघड जातं. कोवळ्या ज्वारीतलं विष गाईगुरांना झटकन लोळवतं. घोडं बरेच दिवस त्यावर चरलं तर ते सावकाश मज्जारज्जूत उतरतं: लघवी ठिबकत राहते, मागचे पाय लटपटायला लागतात. ते फारसं बरं होत नाही.

आठ. खरारा, टापा साफ, पाणी. ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद मामा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात बाळगतात. हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, तेव्हा कागद मागणाऱ्यावर चिडायचं कारण नाही.

दहा ते एक. गिऱ्हाईक. पहिली नजर रंगावर: नुकरा, अबलख, पंचकल्याणी. मग भोवरे. मानेवर देवमण आहे का, याची चौकशी दातांच्या आधी होते. केसांच्या वळणावरून घराचं भाग्य ठरवणारी माणसं टापा उचलून बघत नाहीत, याचं मला नवल वाटत राहिलं. अख्खं जनावर त्या टापांवर उभं असतं.

एकजण थेट मागून घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारायला निघाला.

"म्होरून या वो मालक! मागनं नगं."

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं त्याला जवळपास चौफेर दिसतं. दिसत नाही ते नेमकं शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं. म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत यायचं. घोडीचा एक कान त्या माणसाकडं वळलेलाच होता. दोन्ही कान मागं चिकटले असते तर मामा ओरडत बसले नसते, त्यांनी त्याला ओढलंच असतं.

मग दात. समोरचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. पुढं दातांवरचे खळगे झिजत जातात, त्यावरून अंदाज. नराला सुळे असतात, मादीला बहुधा नसतात. ही घोडी पाच वर्षांची निघाली. सांगितलं होतं तेवढीच निघाली, म्हणून गिऱ्हाईक जरा नाराज दिसलं. घासाघीस करायला काही सापडलं नाही.

दुपारी दोन. ऊन. घोडी एक मागचा पाय ढिला सोडून उभ्याउभ्याच पेंगते; सांध्यांना खीळ घालणारी स्नायुबंधांची रचना पायांतच असते. गाढ झोपेला मात्र आडवं व्हावं लागतं, आणि परक्या गोंगाटात ती आडवी होत नाही. मामांना काळजी त्याची.

याच वेळी रस्त्यावरून धनगरांचा वाडा गेला. मेंढरांमागं बुटकी, काटक घोडी. पाठीवर भांडी, कोंबड्या, एक पोर. भीमथडी. नीरा-भीमेच्या थडीचं हे घोडं मराठ्यांच्या स्वाऱ्यांत दौडलं, अलीकडं त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही झाली. मंडपातलं कुणी उठून बघायला आलं नाही.

साडेचार. हलगी लागते, चाल दाखवायची वेळ. घोडी नाचते, लोक शिट्ट्या मारतात. शेपटी ज्या रागानं आपटली जात होती ती बघून मला तो नाच गोड लागला नाही. मांड्यांत पांढरा फेस आला. घोड्याच्या घामात साबणासारखं काम करणारं एक प्रथिन असतं, ते घासलं की फेस धरतं. मामांनी तिला लगेच बांधलं नाही. श्वास खाली येईपर्यंत हातानं फिरवली, मधून मधून घोटभर पाणी दिलं, चंदी लांब ठेवली. जबड्याखालच्या नाडीवर बोटं ठेवून घड्याळ धरलं. आरामात मिनिटाला तीस-चाळीस ठोके हवेत.

रात्री नऊ. सकाळचंच गिऱ्हाईक परत आलं आणि सौदा झाला. हार, गुलाल, फोटो. गाडीत चढवताना मामांनी दोन गोष्टी सांगितल्या. डोकं उंच आवळून बांधू नका. मान खाली घालता आली नाही तर श्वासनळीतली घाण बाहेर पडत नाही, फुप्फुसं धरतात. दुसरी गोष्ट चाऱ्याची: स्वतःच्या कुट्टीचं एक पोतं त्यांनी वर ठेवलं.

"आमच्याकडं पेंड हाय की, काजू-बदामबी घालू," नवा मालक म्हणाला.

"ठेवा तुमचे बदाम. आठ-धा दिवस ह्यातलंच द्या, रोज जरा जरा तुमचं मिसळा. एकदम बदललं तर पोटात घेईल, मग मला फोन करू नगा."

पोत्याचे पैसे मामांनी वेगळे मागून घेतले.