दगडावरचे शेवाळ कशाने ठरते?

उथळ ओढ्यातील दगडावर पाय ठेवला की घसरतो. हा बुळबुळीत थर म्हणजे सूक्ष्म शैवालांची वस्ती. थर जाड दिसला की पाण्यात खते किंवा सांडपाणी मिसळत असावे असे आपण म्हणतो, आणि दगड उघडा दिसला की पाणी स्वच्छ मानतो. पहिला तर्क बरेचदा बरोबर ठरतो. दुसऱ्यावर मात्र विसंबू नये.

अलास्कातील कुपारुक नदी टुंड्रा प्रदेशातून वाहते. तिच्या पाण्यात फॉस्फरस अत्यल्प असतो. १९८३पासून शास्त्रज्ञांनी उन्हाळ्यात या नदीत एका ठिकाणी फॉस्फोरिक आम्ल सोडण्यास सुरुवात केली. लिटरमागे वाढ केवळ १० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग! तेवढ्याने पहिल्या दोन उन्हाळ्यांत खालच्या अंगाचे दगड डायाटम शैवालांनी भरून गेले. वरच्या अंगाचे दगड पूर्वीसारखेच राहिले, त्यामुळे तुलना सोपी झाली.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फॉस्फरस तेवढाच सोडला जात होता, तरी शैवाल घटले. दरम्यान ते खरवडून खाणाऱ्या कीटकांच्या अळ्या वाढल्या होत्या. गुरे वाढली की कुरणातले गवत आखूड दिसते, पण ते उगवायचे थांबलेले नसते. इथेही शैवाल तयार होतच होते, ते किड्यांच्या आणि पुढे ग्रेलिंग माशांच्या अंगी लागत होते. सुमारे आठ वर्षांनी तर मॉस वनस्पतींनी तळ व्यापला आणि नदीचे रूपच पालटले.

या दोन कारणांपैकी प्रबळ कोणते? अमेरिकेतच टेनेसीमधील वॉकर ब्रांच या ओढ्यात गोगलगायी विपुल आहेत. तेथे एमी रोझमंड व सहकाऱ्यांनी नायट्रोजन-फॉस्फरस घालून व न घालता, गोगलगायी ठेवून व काढून, अशा सर्व जोड्या तपासल्या. निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. नुसते खत घातले किंवा नुसत्या गोगलगायी काढल्या, तर वाढ मर्यादित राहिली. दोन्ही केल्यावर ती सर्वाधिक झाली. शिवाय जातीही बदलल्या. गोगलगायीची जीभ किसणीसारखी असते. उभे, सैल वाढणारे डायाटम तिला सहज सापडतात. दगडाला चपटे चिकटून राहणारी हिरवी व नीलहरित शैवाले मात्र बचावतात. गोगलगायी काढताच डायाटम पुढे सरसावले.

विद्यार्थ्यांना ओढ्यावर न्याल तेव्हा सारख्याच खोलीचे आणि सारखेच ऊन मिळणारे दगड निवडा (सावलीतही शैवाल कमीच असते), आणि थराच्या जाडीशेजारी दगडावरील गोगलगायी व अळ्यांची संख्याही वहीत नोंदवून घ्या.