दुबईचा व्हिसा मस्कतला चालत नाही
आखाती देशांतील खुली ये-जा कोणासाठी, आणि आपल्या कारागिरासाठी नियम कोणते?

आखातात नोकरीसाठी निघालेल्या आपल्या बांधवांमध्ये एक गैरसमज सर्रास आढळतो. सहा आखाती देशांनी आपसात करार केला आहे, त्यांच्या सीमा एकमेकांना खुल्या आहेत, तेव्हा एका देशाचा व्हिसा हाती आला की शेजारच्या देशातही काम करता येईल, असे त्यांना वाटते. काही दलालही हेच सांगून व्हिसाची किंमत वाढवतात. यात करार झाला ही गोष्ट खरी आहे. त्याचा फायदा आपल्याला मिळतो, ही गोष्ट मात्र खरी नाही.

खुली ये-जा म्हणजे काय?

शेजारी देशांनी एकमेकांच्या नागरिकांना वर्क परमिटशिवाय राहण्याची व काम करण्याची मुभा दिली, तर तिला कामगारांची खुली ये-जा म्हणतात. याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच आहे. आपल्या बाजारपेठेत रात्री रखवाली करणाऱ्या नेपाळी माणसाकडे कोणी व्हिसा मागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत व नेपाळ यांच्यात झालेल्या मैत्री कराराच्या सातव्या कलमात राहणे, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांबाबत एकमेकांच्या नागरिकांना समान सवलती देण्याचे ठरले. म्हणूनच तो येथे उघडपणे काम करू शकतो.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. ही सवलत माणसाला तो नेपाळचा नागरिक आहे म्हणून मिळते. नेपाळमध्ये नोकरी करणारा तिसऱ्या देशाचा माणूस याच वाटेने भारतात येऊन काम करू शकत नाही.

सहा देशांचा करार

आखातातही हाच न्याय आहे. सौदी अरब, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतर, ओमान आणि बहरीन या सहा देशांनी मे १९८१ मध्ये आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. १ जानेवारी २००८ पासून त्यांची सामायिक बाजारपेठ सुरू झाली. त्यानुसार ओमानचा नागरिक दुबईत नोकरी करू शकतो आणि कुवेतचा नागरिक रियाधमध्ये दुकान थाटू शकतो. प्रवासासाठी त्यांना राष्ट्रीय ओळखपत्र पुरते. परमुलुखात नोकरी करतानाही आपल्या देशाच्या पेन्शन योजनेत राहण्याची सोय त्यांना आहे.

ही सवलतही राजकारणावर अवलंबून असते. जून २०१७ मध्ये सौदी अरब, अमिरात आणि बहरीन यांनी कतरशी संबंध तोडले आणि कतरी नागरिकांना १४ दिवसांत देश सोडण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला येथे समेट झाला, तेव्हा मार्ग पुन्हा खुले झाले. नागरिकांची जिथे ही गत होते, तिथे परदेशी कामगाराने तोंडी आश्वासनावर किती विसंबावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आपल्या कारागिराचे काय?

आपला माणूस तेथे नागरिक म्हणून नव्हे, तर कफीलच्या म्हणजे पुरस्कर्त्या मालकाच्या परवान्यावर जातो. त्याचे वर्क परमिट एका देशाचे, एका मालकाचे आणि बहुधा एका ठराविक हुद्द्याचे असते. समजा, महाडचा एक सुतार दुबईच्या फर्निचर कारखान्यात आहे. कारखान्याला मस्कतच्या हॉटेलचे काम मिळाले. मालक म्हणाला, आठ दिवस जाऊन कपाटे बसवून ये. रहिवासी परवाना असलेल्यांना शेजारच्या देशात भेटीचा व्हिसा पुष्कळदा सहज मिळतो. पण तो व्हिसा भेटीचा, कामाचा नव्हे. मस्कतला हातोडी उचलायची तर ओमानची परवानगी हवी. तपासणीत सापडल्यास दंड भरावा लागतो आणि मायदेशी रवानगीही होऊ शकते.

तेथे स्वतःचा धंदा असलेल्या व्यापाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. माल पाहणे, भाव ठरवणे, सौदा करणे हे व्यापारी भेटीत बसते. आपले कारागीर नेऊन काम करवून घेणे त्यात बसत नाही. परमिटशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला अमिरातीत २०२४ च्या दुरुस्तीनुसार १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे.

'आझाद व्हिसा' नावाचा धोका

'आझाद व्हिसा घ्या, कुठेही काम करा' असे सांगणारे दलाल गावोगावी भेटतात. ज्याला ते आझाद व्हिसा म्हणतात, तो कोणत्या तरी कफीलच्या नावावरचा साधा व्हिसाच असतो. कफील पैसे घेतो, काम देत नाही आणि माणूस बाहेर दुसऱ्याकडे राबतो. पगार बुडाला तर तक्रार करणेही अवघड होते, कारण ज्याच्याकडे काम केले त्याचे नाव परमिटवर नसते.

मालक बदलायचा असेल तर त्यासाठी सरळ मार्ग आता पूर्वीपेक्षा मोकळा आहे. कतरने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. ओमानने जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर नोकरी बदलण्यासाठी ती अट रद्द केली. सौदी अरबनेही मार्च २०२१ पासून काही अटींवर ही मुभा दिली. मात्र हा बदल त्याच देशाच्या हद्दीत होतो. दुसऱ्या देशात जायचे तर नवा करार आणि नवा व्हिसा लागतो.

निघण्यापूर्वी

भारतात १९८३ चा स्थलांतर कायदा आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा असतो. त्यांना या सहाही देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी ई-मायग्रेट व्यवस्थेतून मिळते. मुंबईत प्रवासी संरक्षक अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही घ्यावा लागतो. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. नोंदणीकृत एजंटाला या कायद्याखालील नियमांनुसार ३० हजार रुपये व त्यावरील कर, एवढेच शुल्क घेता येते.

पर्यटक म्हणून जाण्यास ही मंजुरी लागत नाही. नेमकी हीच पळवाट दलाल वापरतात. भेटीच्या व्हिसावर पाठवतात आणि तिथे गेल्यावर परमिट होईल असे सांगतात. ते झाले नाही तर कामगार कोणत्याच दप्तरात नसतो.

म्हणून पैसे देण्याआधी व्हिसावरील देश, मालक आणि हुद्दा ही तीन नावे वाचून घ्यावीत. ती करारनाम्याशी जुळवून पाहावीत. स्वतःला वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावीत. एजंटाचा नोंदणी क्रमांक तपासावा आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी. जो पावती देण्यास कांकू करतो, त्याच्या हाती घरातले दागिने मोडून आणलेली रक्कम देऊ नये.