लाळेचे काम आणि आंबटाची आडकाठी

ज्वारीच्या कोरड्या भाकरीचा घास तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता चावतच राहा. कालवण नको, गूळ नको. थोड्या वेळाने जिभेला गोडसर चव कळू लागेल. ही साखर आली कुठून?

भाकरी, भात, बटाटा यांत पिष्ट असते. पिष्ट म्हणजे साखरेच्या बारीक कणांची लांबच लांब माळ. माळ अखंड असेपर्यंत ती गोड लागत नाही. आपल्या लाळेत अमायलेज नावाचे विकर असते. जुन्या पुस्तकांत त्याला टायलिन म्हटले आहे. ते ही माळ तोडते आणि माल्टोज नावाची साखर तयार होते.

पण हे विकर मोठे लहरी! त्याला आंबट खपत नाही आणि उकळलेले तर मुळीच सोसत नाही. आंबटपणा मोजायचे माप म्हणजे सामू. शुद्ध पाण्याचा सामू 7. आकडा जितका खाली, तितके आम्ल जास्त. अमायलेज 6.8 च्या आसपास जोमाने काम करते.

खरे वाटत नसेल तर गुरुजींना सांगून प्रयोग करा. भाताची अगदी पातळ पेज गार करून तीन परीक्षानळ्यांत थोडी थोडी घ्या. पहिलीत नुसती लाळ घाला. दुसरीत आधी थोडे व्हिनेगर, मग लाळ. तिसरीत उकळून गार केलेली लाळ. पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकीत पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब सोडा. दुसरी व तिसरी नळी निळीकाळी होईल, म्हणजे पिष्ट तसेच आहे. पहिलीत निळा रंग येणार नाही, आला तरी फिका. व्हिनेगर नाही म्हणून लिंबू पिळू नका हं! लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवते, आणि पिष्ट शिल्लक असूनही ते संपले असे आपल्याला वाटते.

पोटात त्या दुसऱ्या नळीसारखेच घडते. जठररसाचा सामू 2 च्या आसपास असतो. घासाच्या आतपर्यंत आम्ल मुरेस्तोवर लाळेचे काम चालते, मग बंद. मधल्या सुट्टीत घंटेच्या धाकाने न चावताच गिळलेल्या घासात लाळ नीट मिसळतच नाही, मग ती काम करणार कशी? सारा भार लहान आतड्यावर पडतो. तिथे स्वादुपिंडाचा रस येतो. तो आम्लाच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी असतो. त्याने आम्लाचा जोर मोडतो आणि त्याच रसातले दुसरे अमायलेज उरलेली माळ तोडू लागते.