बुलेटची धडधड, आरएक्सची टर्रर्र: फटफटीच्या आवाजामागची गंमत

गल्लीच्या तोंडाशी बुलेट वळली की न बघताच कळतं. आरएक्स १०० तर दोन गल्ल्या आधीच ओळखू येते. दोन्हींत पेट्रोलच जळतं, दोन्हींचा धूर नळीतूनच जातो. तरी एकीचा आवाज छातीत घुमतो आणि दुसरीचा थेट कानात घुसतो. असं का? चला, सायलेन्सरच्या पोटात शिरू या.

भडका आत, आवाज बाहेर
पेट्रोलचा भडका बंद सिलिंडरमध्ये उडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो एकदम सुटतो आणि नळीतून दाबाची लाट धावते. आपल्या कानावर आदळते ती हीच लाट. धूर जाऊ द्यायचा आणि लाट अडवायची, हे सायलेन्सरचं काम.

सेकंदाला किती ठोके?
फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे एक भडका उडतो, म्हणजे एक ठोका पडतो. एका सिलिंडरची गाडी ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला २५ ठोके देते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला ठोका, म्हणजे ७५०० आरपीएमला सेकंदाला १२५. चार सिलिंडरची स्पोर्ट्‌स बाइक १२,००० आरपीएमला पोचली की ४००! ठोके मोजता आले तर धडधड, एकमेकांत मिसळले तर किंकाळी.

बुलेटचं फायरिंग
जुन्या बुलेट ३५० चं इंजिन ३४६ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पण पिस्टनची धाव ९० मिमी. त्यात जडशीळ फ्लायव्हील. असं इंजिन कमी आरपीएमवरच रमतं. दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

आरएक्सची टर्रर्र
१९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० चं इंजिन फक्त ९८ सीसीचं, पण टू-स्ट्रोक. तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाही. पिस्टन खाली सरकतो आणि सिलिंडरच्या भिंतीतलं भोक झटकन उघडं पडतं. दाब जितका अचानक सुटेल तितकी लाट धारदार, आणि आवाजही तितकाच तिखट. टू-स्ट्रोकच्या नळीला मधे पोट असतं तेही शोभेसाठी नाही. तिथून परतणारी लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ती नळी बदलली की बऱ्याचदा आवाज वाढतो आणि ताकद घटते.

हार्लेची लंगडी लय
हार्ले-डेव्हिडसनच्या पारंपरिक इंजिनाचे दोन सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशांत बसवलेले असतात आणि दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच पिनला जोडलेले. त्यामुळे ठोके समान अंतरावर पडत नाहीत: एक ३१५ अंशांनी, पुढचा ४०५ अंशांनी. हाच तो लडखडता ठेका. १९९४ मध्ये कंपनीने चक्क या आवाजाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. स्पर्धकांनी हरकती घेतल्या आणि २००० साली अर्ज मागे घेतला गेला.

आवाज बदलायचा? क्रँक बदला
जुन्या ब्रिटिश ट्विन (दोन सिलिंडरच्या) गाड्यांचे ठोके सारख्या अंतरावर पडत. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विन्समध्ये २७० अंशांचा क्रँक आला. ठोके २७० आणि ४५० अंशांवर, अगदी डुकाटीच्या ९० अंशी व्ही-ट्विनसारखे. सिलिंडर शेजारी शेजारी, लय मात्र व्ही-ट्विनची.

बंदुकीचा भाऊबंद
हिरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाला १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. पुढे त्यांच्या कंपनीने इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. आणि वडील? मॅक्सिम मशीनगनचे जनक! बापाने दणका दिला, लेकाने तो शांत केला.

पुंगळीची करामत
सायलेन्सरमध्ये दोन युक्त्या चालतात. पहिली, आतल्या कप्प्यांत लाटांना एकमेकींवर आदळवून मारायचं. दुसरी, भोकं पाडलेल्या नळीभोवती काचतंतूंची लोकर भरायची. ही लोकर वरच्या पट्टीतला आवाज छान गिळते. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झ या पट्टीत सगळ्यात तल्लख असतो, म्हणून लोकर जळाली किंवा पुंगळी (सायलेन्सरमधली ती नळी) काढली की आवाज नुसता मोठा होत नाही, बोचायला लागतो. गाडी आपोआप कर्कश झाली असेल तर गंजाचं भोक, फुटलेलं गॅस्केट किंवा संपलेली लोकर तपासा.

फटाक्यांचं रहस्य
कार्ब्युरेटरच्या चालत्या बुलेटची चावी बंद-चालू करून काढलेला ‘फाट्‌’ आवाज म्हणजे सायलेन्सरमध्ये उडालेला भडका. चावी बंद असताना न जळलेलं पेट्रोल नळीत जातं आणि चावी फिरवताच तिथेच पेटतं. हा नाद सायलेन्सर फाडू शकतो, आणि ते पेट्रोलही फुकटच जातं.

कायद्याचा कान
भारतात नव्या दुचाकीच्या आवाजाला मर्यादा आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८०. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या वाहन-चाचणी संस्थांत गाड्यांची तपासणी होते. आवाजाचे नियम मोडून रस्त्यावर गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दहा गाड्यांचं गणित
डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. एकसारख्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. १० डेसिबल वाढायला दहा गाड्या लागतात. म्हणजे पुंगळी काढून आवाज १० डेसिबलने चढला, तर रात्री साडेबाराला गल्लीतून एक गाडी जाते आणि झोपलेल्या बाळाच्या कानावर दहा गाड्यांचा आवाज पडतो. फायरिंगचा खरा शौक असेल तर इंजिन निगुतीने ट्यून करून घ्या. गाडीची लय इंजिनात असते, आणि ती ऐकायला पुंगळी काढावी लागत नाही.