चार विसा आणि दहा



गेल्या महिन्यात आम्ही गटाच्या सभासदांची माहिती नव्याने भरून घेतली. नाव, वय, शिक्षण, शेती किती, जनावरं किती, असे रकाने होते. शेवटचा रकाना होता छंद. अठरा जणींपैकी बारा जणींनी तो कोरा सोडला. दोघींनी लिहिलं, पापड. पापड हा छंद कसा, असं विचारलं तर म्हणाल्या, "मग काय लिहू? मालिका बघते असं लिहू?"

लिहायला काय हरकत आहे? भाकऱ्या टोपल्यात पडल्या की आम्हीही मालिका बघतो. पण बाईने हौसेने काही करायचं तर त्यातून घरात काहीतरी आलं पाहिजे, अशी सवयच पडली आहे. गोधडी शिवली तर पांघरायला होते, रांगोळी काढली तर दाराला शोभते. नुसतं आवडतं म्हणून करते, हे सांगायला जीभ रेटत नाही.

आणि एका ताईंनी त्या रकान्यात लिहिलं होतं, फ्रेंच. मग खोडलं होतं. मग बाजूला परत लिहिलं होतं.

या ताईंची शाळा सातवीत सुटली. त्यांची मुलगी अकरावीला शहरात आहे आणि तिने दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी पाठांतर करत बसली आणि आकड्यांवर येऊन रडकुंडीला आली. कारण साठापर्यंत फ्रेंच आकडे सरळ चालतात. सत्तरला वेगळा शब्दच नाही, साठ-दहा म्हणायचं. ऐंशीला म्हणायचं 'कात्र व्हँ', म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. सत्त्याण्णव म्हणजे चार वीस दहा सात! पोरगी म्हणाली, अशी कुठे भाषा असते का?

चुलीजवळ बसलेली आजी म्हणाली, "चार ईसा आन् धा. यात रडायचं काय? आमी गोवऱ्या अशाच मोजायचो."

आजीला शंभरपर्यंत आकडे येत नाहीत असं घरात सगळे समजत होते. तिला ते विसांनी येत होते. पाच विसा झाल्या की शंभर. तिचा हिशोब कधी चुकला नाही, फक्त शाळेतला नव्हता. पॅरिसमध्ये दुकानदार आजही असंच मोजतात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे मात्र सत्तर आणि नव्वदला वेगळे सुटसुटीत शब्द वापरतात. त्या दिवसापासून नातीचं पाठांतर आजी घेऊ लागली आणि ताई शेजारी वही घेऊन बसू लागल्या.

हे कळल्यावर दर गुरुवारी बैठक संपल्यावर अर्धा तास आम्ही सगळ्याच बसू लागलो. ताई सांगतात, आम्ही म्हणतो. हसू फार येतं. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तू तो किंवा ती. पुस्तक तो. घर ती. सूर्य तो आणि चंद्र ती, म्हणजे आपला चांदोमामा तिथे मावशी झाला. आपल्यासारखंच तिथेही तू आणि तुम्ही वेगळं आहे, 'त्यू' आणि 'व्हू'. दुकानदाराला, अनोळखी माणसाला 'व्हू'. आईला 'त्यू', आणि नवऱ्यालाही बहुतेक जणी 'त्यू'च म्हणतात. हे ऐकून दोन मिनिटं कुणी काही शिकलं नाही.

लिहिलेलं सगळं उच्चारायचं नाही, हे मात्र जड जातं. 'पॅरिस' लिहितात आणि 'पारी' म्हणतात, शेवटचं अक्षर बऱ्याचदा गिळायचं. नाकातले स्वर पटकन जमले. 'बोंझूर' म्हणजे नमस्कार, त्यातला 'बों' नाकातून काढायचा. आमच्यातल्या कोकणातून लग्न होऊन आलेल्या वहिनी तो सगळ्यात छान काढतात.

यातून मिळणार काय, असं घरी प्रत्येकीला विचारलं गेलं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, फ्रान्सला निघालीस का? आम्हाला उत्तर सुचलं नव्हतं आणि अजूनही नीटसं सुचलेलं नाही. पण एक गोष्ट सांगतो.

सन 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतला सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर बराच काळ तिथल्या दरबारात आणि कोर्टकचेरीत फ्रेंच चालली. त्यामुळे पैशाचे आणि कायद्याचे कितीतरी इंग्रजी शब्द मुळात फ्रेंच आहेत. आपण गटात बजेट मांडतो ना? जुन्या फ्रेंचमध्ये 'बूजेत' म्हणजे चामड्याची लहान पिशवी, आपला बटवाच. ब्युटी पार्लरमधला पार्लर हा 'पार्ले' म्हणजे बोलणे यावरून आलेला, मुळात बोलत बसायची खोली. पार्लरमध्ये काय चालतं हे आपल्याला ठाऊक आहेच.

आणि मॉर्टगेज. जुन्या फ्रेंचमध्ये 'मॉर' म्हणजे मेलेलं, 'गाज' म्हणजे तारण. एडवर्ड कोक या इंग्रज कायदेपंडिताने सतराव्या शतकात त्याचा अर्थ असा लावला: कर्ज फिटलं तर तारण मेलं, नाही फिटलं तर जमीन आपल्याला मेली. हे सांगितलं तेव्हा आमच्यातली एक जण गप्प झाली. चार वर्षांपूर्वी एका ठिकाणी तिच्याकडून ज्या कागदावर सही घेतली, त्यावर हाच शब्द होता. गहाणखत असं कुणी म्हणालं नाही, तिनेही विचारलं नाही. आपल्याला कळणार नाही असं तिला वाटलं. कर्ज अजून चालू आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी-तिघी तिच्याबरोबर जाणार आहोत आणि कागद वाचून घेणार आहोत.

ज्यांना घरीच ऐकायचं आहे त्यांच्यासाठी: रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनल सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या देते, मोबाईलवर इंटरनेट असेल तर लागतात. आम्हाला अजून त्यातले चार-पाच शब्दच कळतात. देशांची नावं आली की आम्ही एकमेकींना कोपरखळी मारतो.

गुरुवारी या. वही आणा, पेन्सिल आणा. या अर्ध्या तासाची हजेरी गटाच्या रजिस्टरात लागत नाही आणि न येणारीला दंडही नाही. सध्या आम्ही चार विसा अकरावर आहोत.