व्यसनी माणूस : आरोपी की रुग्ण?

व्यसनाचा विषय निघाला की सरकारला दोष देऊन आपण मोकळे होतो. सरकारचे धोरण दुटप्पी आहे हे खरेच. संविधानाच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि राज्याच्या तिजोरीत दारूच्या कराचा पैसा आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून दारू पिण्यास परवाना लागतो. परमिट रूममध्ये बसणाऱ्या किती जणांकडे तो असतो, हा प्रश्न न विचारलेलाच बरा! तथापि याच सरकारने व्यसनी माणसाला रुग्ण मानून काही हक्क दिले आहेत. ते आपल्या वस्तीपर्यंत पोचलेले नाहीत, म्हणून हा लेख.

गर्दने मुंबई-पुण्यातील तरुण पोरांना विळखा घातला तो ऐंशीच्या दशकात. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली आणि जागा मिळाली ती येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. समाजाने पुढाकार घ्यावा व सरकारने जागा द्यावी, असे घडू शकते ते असे.

१९८५ च्या कायद्याने अमली पदार्थाचे सेवन हाही गुन्हा ठरवला आहे, त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या भीतीने आईबाप मुलाला लपवतात. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी स्वखुशीने सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत, गांजा १ किलोपर्यंत. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. मोठ्या प्रमाणात माल विकणाऱ्याला ते नाही, आणि नसावेच.

दारूचा प्रश्न त्याहून मोठा आहे. केंद्र सरकारने २०१९ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. बाकीचे कुठे असतात? बँकेत काउंटरवर बसणाऱ्याला ते दिसतात. पगार जमा झाला की तिसऱ्या दिवशी खाते रिकामे. पुढे पत्नी मंगळसूत्र घेऊन सोनेतारण कर्जाच्या रांगेत उभी. तिला फॉर्म भरून देणारे पुष्कळ भेटतात, उपचाराचा पत्ता देणारा कोणी नसतो.

इच्छाशक्ती असेल तर सुटेल, असे आपण सर्रास म्हणतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे लागतात. समुपदेशनाचे खरे काम त्यानंतर, आणि ते महिनोन् महिने चालते. मध्ये माणूस पुन्हा घसरला तर उपचार वाया गेले असे समजू नये. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण डॉक्टर सोडत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व मादक पदार्थांमुळे होणारे मनोविकार स्पष्टपणे समाविष्ट आहेत. शारीरिक आजाराप्रमाणे मानसिक आजारालाही विमा मिळावा, असे हा कायदा सांगतो. रुग्णास साखळीने बांधण्यास त्याने बंदी घातली आहे. काही खाजगी केंद्रांत मारहाण होते, त्यामुळे हे माहीत असणे गरजेचे आहे.

१५ ऑगस्ट २०२० पासून २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले. शाळा-कॉलेजांत शपथा झाल्या, फेऱ्या निघाल्या. विद्यार्थी मित्रांनी त्यांत जरूर जावे. पण शपथ घेणारा बहुधा न पिणाराच असतो. त्यापेक्षा १४४४६ हा सरकारी मोफत हेल्पलाईन क्रमांक विहाराच्या व वाचनालयाच्या फलकावर ठळक लिहावा. केंद्र निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात : नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, आणि घरच्यांना भेटू देतात का. तिसऱ्या प्रश्नाला नकार मिळाला तर रुग्णाला तिथे ठेवू नये.