विटाळ सोसलेल्यांचा विटाळ

छळ सोसलेल्या समाजाचे मन इतरांविषयी आपोआप मृदू होते, असा एक समज आपण शिक्षकमंडळी वर्गात सहज सांगून जातो. तो पारखून घेण्यास बडोद्यातील एक प्रसंग पुरेसा आहे.

१९१७ साली भीमराव आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास आले. अस्पृश्यास हिंदू खाणावळीत थारा नव्हता. म्हणून एका पारशी सराईत पारशी नाव नोंदवून ते राहिले. भाडे रोजचे दीड रुपया. अकराव्या दिवशी ते कचेरीस निघाले असता काठ्या घेतलेले दहाबारा पारशी वर चढून आले आणि सराई विटाळली, संध्याकाळच्या आत चालते व्हा, असे त्यांनी बजावले. पुढे एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसऱ्याची विचारणा झाली, दोघांनीही टाळले. (ख्रिस्ती स्नेही मूळचे ब्राह्मण होते, हेही विसरू नये.) अखेर कामाठी बागेत वेळ काढून आंबेडकर रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या इंग्रजी टिपणात लिहून ठेविली आहे.

आता काठ्या घेऊन आलेल्यांच्या धर्मबांधवांची कथा पाहावी. अरब विजयानंतर इराण सोडून गुजरातेत संजाणास उतरलेले ते पारशी, असे त्यांची परंपरा सांगते. जे मागे राहिले ते यझ्द व करमान येथे ‘नजिस’, म्हणजे अपवित्र, ठरले. त्यांना घोड्यावर बसण्याची मनाई होती आणि जिझिया द्यावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांस तिकडे धाडिले; त्यांच्या दीर्घ खटपटीने १८८२ साली शहाने जिझिया उठविला. बडोद्याची घटना त्यानंतर अवघ्या पस्तीस वर्षांनी घडली.

हे घडले कसे? आपल्या माणसांस अपवित्र म्हणणे अन्यायाचे आहे, एवढे त्यांस पक्के ठाऊक होते. कोणासच अपवित्र म्हणू नये, हा धडा त्यातून निघतोच असे नाही. शिवाय महाराचा विटाळ झरथुष्ट्री धर्मातला नव्हे. तो शेजाऱ्यांकडून आलेला. परभूमीत पत टिकवू पाहणारा लहान समाज तेथील प्रतिष्ठितांचे आचार उचलतो, आणि त्यांतील भेदही सोबत येतात. आम्हांस हे दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. आंबेडकरांनी पुढे ज्यास श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे बळ यातच आहे: प्रत्येक पायरीवरील माणसास आपल्याखाली कोणीतरी हवा असतो. महार व मांग ह्या दोन्ही अस्पृश्य जातींतही परस्पर रोटीबेटीव्यवहार नव्हता.

मात्र ह्यावरून सगळ्या समाजावर दोष ठेवणे हाही पूर्वग्रहच होईल. १९२० साली आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करण्यास विलायतेस परत गेले, तेव्हा त्यांस पैसे उसने देणारे मित्र नवल भथेना हेही पारशीच होते.